बुधवार, सकाळी अकरा

चर्चच्या पंचकमिटीच्या बैठकीचं इतिवृत्त चिटणीस बैठकीच्या आदल्या दिवशी लिहीत असत. यात लपवाछपवी काही नव्हती. सगळ्या कमिटीला ते ठाऊक होतं आणि सगळ्या कमिटीला ते सोयीचं होतं.

प्रथेला कारण होतं. अठरा वर्षांपूर्वी चर्चच्या गायकवृंदाच्या झग्यांचा रंग ठरवायला बैठक बसली. सकाळी अकराला बसली ती दिवेलागणीला उठली. उठली तेव्हा दोन कुटुंबं चर्चची मंडळी सोडून गेली होती, एका पंचाचा चष्मा फुटला होता आणि झगे पांढरेच राहिले होते. तेव्हाच्या पाळकसाहेबांनी नव्याने निवडलेल्या चिटणिसांना बाजूला घेतलं आणि म्हणाले, ‘‘पुढच्या वेळी काय ठरायचं ते आधीच लिहून आणा. बोललेलं कुणी ऐकत नाही. वाचलेलं ऐकतात.’’

चिटणीस तेव्हा नुकतेच कोर्टातून निवृत्त झाले होते. तिथे ते लघुलेखक. साक्षीदार जे बोलेल ते, खोकल्यासकट, कागदावर उतरवायचं, यात त्यांचा जन्म गेला होता. माणसं बोलण्याच्या आधीच त्यांचं बोलणं लिहून ठेवायचं, ही कल्पना त्यांना प्रथम पापासारखी वाटली, मग विश्रांतीसारखी. त्यानंतरच्या अठरा वर्षांत भांडण नाही, दुरुस्ती नाही, खाडाखोड नाही. प्रत्येक ठराव सर्वानुमते. चिटणिसांना त्याचा अभिमान होता.

बैठक महिन्याच्या पहिल्या बुधवारी सकाळी अकराला, वेदीमागच्या खोलीत. टेबल लांब, हातांच्या खुर्च्या पाच. मधल्या खुर्चीत पाळकसाहेब. कुणाचं मन दुखू नये म्हणून ते कुठलंच वाक्य शेवटाला नेत नसत. त्यांच्या उजवीकडे डॉक्टर, दवाखाना मुलाच्या हवाली करून आता फक्त मंडळीची नाडी पाहणारे. डावीकडे बाई, म्हणजे जुन्या मुख्याध्यापिका. अर्धी मंडळी कधी ना कधी त्यांच्या वर्गाबाहेर उभी राहिलेली होती. टेबलाच्या एका टोकाला चिटणीस आणि दुसऱ्या टोकाला युवक.

युवक चव्वेचाळीस वर्षांचा होता. सोळा वर्षांपूर्वी तो तरुण संघाचा अध्यक्ष म्हणून कमिटीत आला आणि त्यानंतर नवा अध्यक्ष निवडायचं राहूनच गेलं. टक्कल पडलं, चाळिशी लागली, दोन मुली झाल्या, नाव मात्र तेच राहिलं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तो कारकून होता. गळ्यातलं ओळखपत्र न काढताच बैठकीला यायचा आणि बसल्याबसल्या मनगटावरचं घड्याळ टेबलाखाली बघायचा. सोळा वर्षांच्या इतिवृत्तांत त्याच्या नावापुढे एकच वाक्य होतं: ‘युवकांनी खुर्च्या लावण्याची जबाबदारी स्वीकारली.’

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मुख्य कार्यालयाचं पत्रक आलं.

प्रत्येक मंडळीने पंचकमिटीत पंचवीस वर्षांखालचा किमान एक सभासद मताच्या अधिकारासह घ्यावा, असं त्यात होतं. ‘केवळ नावापुरता नव्हे’ या शब्दांखाली रेघ मारलेली होती. त्यानंतरच्या तीन बैठकांची टंकलिखित इतिवृत्तं आणि सोबतचा अहवाल मुदतीत पाठवायचा होता.

‘‘आपल्याकडे युवक आहे की,’’ बाई म्हणाल्या.

‘‘मी चव्वेचाळीस, बाई.’’

‘‘ते त्यांना कुणी सांगायचं?’’ डॉक्टर म्हणाले.

‘‘नाही, म्हणजे पत्रकात जन्मतारखेचा रकाना...’’ पाळकसाहेब म्हणाले आणि तिथेच थांबले.

यादी काढली. मंडळीत पंचवीसच्या आतली चौदा नावं निघाली. त्यातल्या नऊ जणांचे दुधाचे दात पडायचे होते. चार जण दोन वर्षांपासून पुलापलीकडच्या प्रार्थना-सभेला जात होते. तिथे ढोल होता, पडद्यावर गाण्याचे शब्द येत होते आणि बाई नव्हत्या. उरली एक, चिटणिसांची नात.

ती तेवीस वर्षांची होती आणि लिफ्ट दुरुस्त करायची. चौदा मजल्यांच्या वरच्या मोटारखोलीत बसून जेवणारी, अडकलेल्या माणसांना बाहेरून धीर देत दरवाजा उघडणारी मुलगी. कामावर तिला सगळे उस्ताद म्हणत. चर्चमध्ये ती बाप्तिस्म्यापासून बेबी होती. तिचे आईबाबा बदलीच्या गावी असल्यामुळे ती आजोबांकडे राहायची आणि दर रविवारी तिसऱ्या बाकावर त्यांच्या शेजारी बसायची. आजी गेल्यापासून त्या बाकावर दोघंच असत. चिटणिसांच्या आठवड्यात पक्क्या म्हणाव्यात अशा फारशा गोष्टी उरल्या नव्हत्या. तो बाक ही त्यातली एक.

टंकलिखित प्रत हवी म्हणून पहिल्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी चिटणिसांनी आपला कागद तिच्यापुढे ठेवला. ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून टाइप करायला लागली. तिसऱ्या परिच्छेदाला तिची बोटं थांबली.

‘‘आजोबा, उद्या मी समाधान व्यक्त करणार आहे का?’’

‘‘कुठे?’’

‘‘हे काय. ‘तरुण प्रतिनिधीने कमिटीचे आभार मानले व समाधान व्यक्त केले.’’’

‘‘तशी पद्धत आहे गं. नवा सभासद समाधान व्यक्त करतो.’’

‘‘आणि नाही झालं समाधान तर?’’

अठरा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

ती हसली आणि वाक्य जसंच्या तसं टाइप केलं. मग म्हणाली, ‘‘एक सांगून ठेवते. बैठक बुधवारी अकराला. मला त्यासाठी अर्धी रजा टाकावी लागते आणि वर्षअखेरपर्यंत माझ्या तीनच अर्ध्या रजा उरल्यात. तीन बैठका मी येते. तेवढ्यात वेळ बदलली तर ठीक. नाही बदलली तर मला जमणार नाही.’’

‘‘कमिटीवर नाही जमणार?’’

‘‘नुसती शोभेला बसायला रविवारीपण नाही जमणार, आजोबा. पुलापलीकडे सगळे आहेत माझे.’’

तिने हे धमकीच्या सुरात म्हटलं नाही. एखाद्या सोसायटीला ‘दोर झिजलाय, तीन महिने टिकेल’ असं सांगावं तसं सांगितलं. चिटणिसांना धमकी परवडली असती.

दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी सहावी खुर्ची लागली. युवकाने ती रविवारच्या शाळेतून आणली. पिवळी होती, पाठीवर बदक काढलेलं होतं आणि पाय सात वर्षांच्या मुलाच्या मापाचे होते. नात बसली तेव्हा टेबलाची कड तिच्या हनुवटीला आली.

‘‘बस गं बेबी, ऐसपैस बस,’’ डॉक्टर म्हणाले.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. चिटणिसांनी वाचायला सुरुवात केली. ‘‘डॉक्टरांनी तरुणांच्या सहभागाचे महत्त्व विशद केले.’’

‘‘हो, फार महत्त्व आहे,’’ डॉक्टर म्हणाले.

‘‘मुख्याध्यापिका बाईंनी अनुमोदन दिले.’’

बाईंनी मान हलवली.

‘‘तरुण प्रतिनिधीने कमिटीचे आभार मानले व...’’ चिटणीस अडखळले. टेबलाच्या कडेवर दोन डोळे दिसत होते.

‘‘आभार मानते,’’ नात म्हणाली. ‘‘एक सूचना आहे. बैठकीची वेळ बदलावी. बुधवारी सकाळी अकराला नोकरी करणारं किंवा शिकणारं कुणीच येऊ शकत नाही. शनिवारी संध्याकाळी सहाला ठेवली तर येतील.’’

सगळे चिटणिसांच्या कागदाकडे पाहू लागले. सूचना वाईट होती म्हणून नव्हे. ती कागदावर नव्हती.

डॉक्टरांनीच वाट काढली. ‘‘फार छान. तरुणांनी असंच बोलायला हवं. आपण यावर उपसमिती नेमू.’’

उपसमिती नेमली गेली. डॉक्टर, बाई आणि युवक. तरुण प्रतिनिधीवर पहिल्याच महिन्यात कामाचा भार नको, म्हणून तिला वगळण्यात आलं. चिटणिसांनी टंकलिखित कागदाच्या समासात तेवढं हाताने लिहून घेतलं.

बाहेर पडताना युवकाने तिला पायरीवर गाठलं. ‘‘घाई करू नकोस. आम्हीपण तुझ्या वयाचे होतो. खुर्च्या लावल्या, गप्प बसलो, शिकलो.’’

‘‘काय शिकलात, काका?’’

युवकाने घड्याळ पाहिलं आणि कचेरीला पळाला.

दुसऱ्या बैठकीला नात आपली हत्यारांची लोखंडी पेटी घेऊन आली. पिवळ्या खुर्चीवर ती आडवी ठेवली आणि वर बसली. आता ती डॉक्टरांपेक्षा दोन बोटं उंच होती. डॉक्टरांना ते फारसं रुचलं नाही, पण याबद्दल काय बोलावं हेही लिहिलेलं नव्हतं.

उपसमितीचा अहवाल बाईंनी वाचला. उपसमितीची बैठक बुधवारी सकाळी अकराला झाली. उपस्थित सर्वांना बुधवारी सकाळी अकराची वेळ सोयीची आहे का, असं विचारण्यात आलं. उपस्थित सर्वांनी होकार दिला. सबब प्रचलित वेळ सर्वांना सोयीची असल्याचं दिसून येतं.

‘‘बघ,’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘रीतसर चौकशी केली.’’

‘‘जे येऊ शकत नाहीत त्यांना कुणी विचारलं?’’

‘‘ते आले नव्हते ना बैठकीला,’’ बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात खोट नव्हती. शाळेत त्या गैरहजर मुलांना याच कारणासाठी ओरडत असत, आणि ते ओरडणं हजर मुलांना ऐकावं लागे.

चहा आला, बिस्किटं आली. पाळकसाहेबांनी नातीकडे बशी सरकवली आणि म्हणाले, ‘‘तुझ्या भावना आम्ही सगळे...’’ बिस्किट कपात तुटून पडलं आणि त्यांच्या वाक्याचंही तसंच झालं.

त्या रविवारी ती बाकावर होती, पण शेवटचं गीत सुरू असताना तिने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. चिटणिसांनी एकट्याने गायला सुरुवात केली आणि त्यांना आपला आवाज ऐकू आला. तो बरा नव्हता.

तिसऱ्या बैठकीच्या आदल्या मंगळवारी चिटणीस दुपारभर लिहीत बसले. आयुष्यात न केलेली गोष्ट करायचं त्यांनी ठरवलं होतं. कमिटीतलं कुणीही इतिवृत्त सही करताना वाचत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. ऐकताना सगळे फक्त आपापल्या नावाची वाट बघतात. डॉक्टरांचं नाव दोन ठिकाणी घातलं, बाईंचं तीन ठिकाणी, आणि त्या गर्दीत मधोमध एक वाक्य अलगद बसवलं: ‘बैठकीची वेळ शनिवार सायंकाळी सहा करण्याचे सर्वानुमते ठरले.’ एकदा सह्या झाल्या की विषय संपला. मुंगी होऊन साखर खावी, असं त्यांना वाटलं. कागद नातीपुढे ठेवताना त्यांचा चेहरा वाढदिवसाची भेट देणाऱ्या माणसासारखा होता.

ती टाइप करत गेली. ते वाक्य आलं. तिने हात मांडीवर घेतले.

‘‘सर्वानुमते. यात मीपण आले का?’’

‘‘आलीस ना. तुझंच तर म्हणणं आहे.’’

‘‘मग मला कधी विचारलंत?’’

‘‘अगं, तुझ्याचसाठी...’’

‘‘डॉक्टरांनी मला न विचारता उपसमितीतून वगळलं तेव्हा तुम्हालापण बरं वाटलं नव्हतं. मी बघत होते तुमच्याकडे. आता तुम्ही त्यांना न विचारता त्यांच्या नावावर लिहिताय.’’

‘‘नाही लिहिलं तर वेळ बदलणार नाही.’’

‘‘नाही बदलणार बहुतेक.’’

‘‘आणि तू जाशील.’’

तिने लॅपटॉपची एक कळ दाबून धरली. मजकूर शेवटाकडून मागे मागे पुसला जाऊ लागला. बाईंची तीन अनुमोदनं गेली, डॉक्टरांचं मार्गदर्शन गेलं, पाळकसाहेबांचा समारोप गेला. वर फक्त तारीख, वार आणि वेळ राहिली.

‘‘उद्या काय होईल ते उद्या लिहा ना, आजोबा. तुम्हाला तर येतं ते. तेच तर येतं तुम्हाला.’’

चिटणीस रागावले. आपण हिच्यासाठी अठरा वर्षांचा लौकिक पणाला लावला आणि हिने तो एका बोटाने पुसला, असं त्यांच्या मनात आलं. पण झोपायच्या आधी त्यांनी कपाटाचा खालचा खण ओढला. तिथे कोर्टातली लघुलेखनाची वही होती, आणि रबराने बांधलेल्या चार पेन्सिली. त्यांनी दोन पेन्सिलींना टोक केलं.

सकाळी सगळे आपापल्या जागी बसले. प्रार्थना झाली. चिटणिसांनी कोरी वही उघडून पुढ्यात ठेवली.

‘‘हं, वाचा,’’ पाळकसाहेब म्हणाले.

‘‘काय वाचू?’’

‘‘इतिवृत्त.’’

‘‘बैठक झाली की लिहितो. पुढच्या बैठकीला वाचतो.’’

पाळकसाहेबांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

‘‘अहो, गंमत पुरे. मी काय म्हणालो ते तर सांगा.’’

‘‘तुम्ही अजून काही म्हणाला नाहीत, डॉक्टर.’’

‘‘मग मी आता म्हणायचं तरी काय?’’

‘‘ते मला कसं माहीत असणार?’’ असं म्हणताना चिटणिसांची पेन्सिल कागदावर चालू झाली होती. डॉक्टरांना ते दिसलं आणि ते एकदम सावरून बसले. आपण बोललेलं कुणी खरोखर लिहून घेतंय, ही जाणीव माणसाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात होते तशी त्यांना झाली.

पहिली पाच मिनिटं फार जड गेली. बाईंनी हजेरी घ्यावी तसं सगळ्यांकडे एकेकदा पाहून घेतलं. पाळकसाहेबांनी पुन्हा एकदा प्रार्थना करावी का, असं सुचवलं. शेवटी नात पेटीवर बसल्याबसल्या म्हणाली, ‘‘विषय एकच आहे. वेळ. मला डॉक्टरांना विचारायचंय, बुधवारी अकराच का?’’

‘‘पूर्वापार आहे.’’

‘‘कधीपासून?’’

डॉक्टर विचारात पडले. ते खोटं बोलणारे नव्हते. सत्य बोलायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती, इतकंच. ‘‘मी कमिटीवर आलो तेव्हापासून. दुपारी एक वाजता मी आडवा होतो. साडेबाराला चहा झाला की घरी जायला बरं पडतं.’’

‘‘संध्याकाळी सहाला तुम्ही काय करता?’’

‘‘काही नाही. बसतो.’’

पेन्सिल थांबली, पुन्हा चालली. चिटणिसांनी ‘बसतो’साठीची छोटी वळणदार रेघ काढली. हात दुखत होता, आणि त्यांना फार दिवसांनी हात असल्यासारखा वाटत होता.

‘‘माझा विरोध आहे,’’ बाई म्हणाल्या. ‘‘शनिवारबिनवार मला सारखेच. पण आज वेळ बदलाल, उद्या झगे बदलाल. मी त्या दिवशी होते इथे. चष्मा माझ्या यजमानांचा फुटला होता.’’

हे खोलीत कुणालाच आठवत नव्हतं. चिटणिसांनाही नाही. त्या दिवशी टेबलाखालून कुणीतरी काचा वेचल्या होत्या, एवढंच त्यांना आठवत होतं.

‘‘बाई, चष्मा मी नाही फोडणार,’’ नात म्हणाली.

‘‘कोणीच फोडणार नव्हतं गं. फुटला.’’

‘‘काका, तुमचं काय म्हणणं?’’ नातीने टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं.

युवकाने मागे वळून पाहिलं. तिथे भिंत होती.

‘‘माझं?’’

‘‘तुमचं.’’

त्याने गळ्यातलं ओळखपत्र हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. ‘‘मी सोळा वर्षं महिन्याला अर्धी रजा टाकतोय,’’ तो म्हणाला. ‘‘शहाण्णव दिवस झाले. मोठीच्या शाळेच्या एकाही कार्यक्रमाला जाता आलं नाही, रजाच उरत नाही. साहेब विचारतो, बुधवारी कुठे जाता? मी सांगतो, चर्चचं महत्त्वाचं काम आहे.’’ त्याने ओळखपत्र हातातून सोडलं. ‘‘इथे येऊन मी खुर्च्या लावायचं कबूल करतो आणि परत जातो.’’

‘‘मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?’’ डॉक्टरांनी विचारलं. ते खरंच चकित झाले होते.

‘‘कुणी विचारलं नाही. आणि माझं वाक्य वाचून झालेलं असायचं.’’

चिटणिसांनी हे शब्दन्‌शब्द उतरवून घेतलं. मान खाली घालून लिहिण्याचा एक फायदा असतो, लिहिणाऱ्याचा चेहरा कुणाला दिसत नाही. सोळा वर्षं तेच वाक्य त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं. एकदाही त्या माणसाला विचारलं नव्हतं. विचारायचं काय त्यात, युवकच तर होता.

पाळकसाहेब म्हणाले, ‘‘तर मग आपण असं... म्हणजे सर्वांच्या भावना लक्षात घेता...’’ आणि पहिल्यांदाच त्यांना कुणी थांबू दिलं नाही.

‘‘मतदान घ्या, पाळकसाहेब,’’ नात म्हणाली.

मतदान म्हणजे हात वर करणं. ते कसं करतात हे कमिटी विसरली होती. डॉक्टरांनी ‘बाजूने’ म्हटल्यावर हात वर केला, मग ‘विरोधात’ म्हणायचं होतं म्हणून खाली घेतला. बाजूने नातीचा हात वर होता, ग्रीसच्या रेषा असलेला. युवकाचा खांद्यापर्यंत वर झाला, मग पूर्ण वर झाला. विरोधात डॉक्टर आणि बाई. पाळकसाहेबांचं मत फक्त समसमान झालं तर. त्यांनी डोळे मिटले होते. समसमान होऊ नये म्हणून प्रार्थना चालली असावी.

सगळे चिटणिसांकडे पाहू लागले.

चिटणिसांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. अंधार पडला की रस्त्यावरच्या दिव्यांची त्यांना फुलं दिसत आणि पायाखालची पायरी दिसत नसे. शनिवारी सहाला आलं तर परतताना कुणीतरी हात धरायला हवं. बुधवारी सकाळी अकराची वेळ कमिटीत सगळ्यात सोयीची कुणाला असेल तर ती त्यांना होती, आणि हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, तिला तर नाहीच.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि हात वर केला.

‘‘तीन विरुद्ध दोन,’’ त्यांनी लिहिता लिहिता उच्चारलं. ‘‘ठराव बहुमताने मंजूर.’’

‘‘मुख्य कार्यालयाला जाणार ना ते?’’ डॉक्टर हळूच म्हणाले. ‘‘सर्वानुमते लिहा. बरं दिसतं.’’

‘‘तीन विरुद्ध दोन झालंय, डॉक्टर.’’

‘‘खबरदार सर्वानुमते लिहाल तर,’’ बाई म्हणाल्या. ‘‘माझा विरोध नावानिशी नोंदवा. नीट, स्वच्छ अक्षरात.’’ त्यांचे गाल लाल झाले होते आणि त्या कितीतरी दिवसांत इतक्या टवटवीत दिसल्या नव्हत्या. चहाला त्यांनी दोन बिस्किटं घेतली.

एक वाजून गेला होता. डॉक्टर आडवे झाले नव्हते, आणि त्यांना काहीही झालं नव्हतं.

नातीचा फोन वाजला. एका रुग्णालयाची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली होती. तिने पेटी उचलली. चिटणीस अहवालाचा छापील कागद घेऊन तिच्यामागे पायरीपर्यंत गेले. बाकी रकाने त्यांनी भरले होते. शेवटचा राहिला होता: ‘तरुण प्रतिनिधी समाधानी आहेत काय? होय / नाही.’

‘‘काय लिहू?’’

तिने हेल्मेट घालता घालता कागद वाचला. ‘‘आत्ता नका लिहू काही.’’

‘‘शुक्रवारची मुदत आहे.’’

‘‘मग कोरं ठेवा.’’ तिने गाडी सुरू केली, आणि मग बंद केली. ‘‘आजोबा, शनिवारी तुम्ही अंधारात परत कसे येणार?’’

‘‘येईन की.’’

‘‘तुम्हाला दिव्यांभोवती फुलं दिसतात. परवा गेटची पायरी चुकलात. माझ्या लक्षात येत नाही असं वाटतं तुम्हाला?’’ तिने हेल्मेटचा पट्टा आवळला. ‘‘आणि तरी हात वर केलात.’’

रुग्णालयात माणसं अडकली होती. ती गेली.

चिटणिसांनी रकाना कोरा ठेवला आणि पाकीट बंद केलं. मधले चार रविवार ती बाकावर होती. एका रविवारी उशिरा आली, हाताला तेलाचा वास होता, आणि शेवटच्या गीताला तिने पुस्तक उघडं ठेवलं. पुढे काय, ते चिटणिसांनी विचारलं नाही. आता न विचारता काही गृहीत धरायचीही त्यांना भीती वाटत होती.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी, सहाला वीस मिनिटं असताना, ती खाली फाटकाशी उभी होती. तिच्याबरोबर पुलापलीकडे जाणाऱ्या चौघांपैकी दोघं होते, नुसते बघायला आलेले. हिची खुर्ची बदकाची आहे हे त्यांना खरं वाटत नव्हतं. तिने आजोबांचा कोपर धरला. दिवे लागायला सुरुवात झाली होती.

चिटणिसांच्या खिशात दुपारच्या टपालाने आलेलं पाकीट होतं. मुख्य कार्यालयाने अहवाल परत पाठवला होता. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की शेवटचा रकाना अपूर्ण असल्याने अहवाल स्वीकारता येत नाही. इतर सर्व मंडळ्यांनी तिथे ‘होय’ लिहिलेलं आहे.

चालता चालता त्यांनी तिला ते सांगितलं. ‘‘बैठकीला पोचायच्या आत तेवढं भरून टाकतो. काय लिहू?’’

‘‘पायरी आहे,’’ ती म्हणाली, आणि त्यांचा पाय खाली टेकेपर्यंत थांबली. ‘‘आधी बैठक तर होऊ दे, आजोबा.’’